पाणी घेतलेला माणूस

पुक्यूपाम्पा, १५७१. बटाटे काढून झाले त्याच्या चौथ्या दिवशी.

तोमास,

बा गेला. हे आधीच लिहिते, नाहीतर तू पानभर खुशाली वाचत बसशील आणि शेवटी कळेल.

मका खुडायच्या दिवसांत गेला. सकाळी भिंतीला पाठ लावून उन्हात बसला होता. मी पेज घेऊन गेले तर बसल्या जागी थंड. गुडघे पोटाशी, हात गुडघ्यांवर. मेलेल्या माणसानं बसायला हवं तसाच बसला होता. मनात म्हटलं, शहाणा माणूस, आपलं काम आपणच उरकून गेला.

पण पाद्रीबाबाला कळलं. त्यानं दोन माणसं धाडली आणि बाला आडवा केला. गुडघे सरळ होईनात, तर एक जण वर बसला. मी तिथंच उभी होते. मग देवळात नेऊन फरशीखाली घातला, उताणा, पाय पसरून. वर माती, मातीवर दगड. जन्मभर ओझी वाहिलेला माणूस तो, पण छातीवर एवढं ओझं त्याच्या कुणी ठेवलं नव्हतं.

मातीखाली मेलेला गुदमरतो हे तुला शिकवायला नको. लिमात राहून विसरला असशील तर आठव.

वीस दिवस मी कळ काढली. एकविसाव्या दिवशी पाद्रीबाबा वरच्या गावी प्रार्थनेला गेला. भर दुपारी मी, माझी पोर सिसा आणि लामा हाकणारा वामान असे तिघं देवळात शिरलो आणि बाला काढला. वास होता. असायचाच. खड्ड्यात एक ओंडका घातला, वर माती लोटली, दगड होते तसे बसवले. बाला पुन्हा बसता केला, दोरीनं बांधला आणि वरच्या गुहेत त्याच्या बाच्या आणि आज्याच्या शेजारी नेऊन ठेवला. आता त्याला वारं लागतं, खालचं शेत दिसतं.

तू पोरगा आहेस त्याचा म्हणून कळवलं. मत विचारलेलं नाही.

माझ्या नवऱ्याचं तर काहीच हाती आलं नाही. पाऱ्याच्या खाणीत नेला, दोन वर्षांनी निरोप आला, मेला. कुठं ठेवला ते निरोप्यालाही माहीत नव्हतं. बा तरी माझ्याजवळ राहू दे.

माग मांडलाय. वर्षाच्या आत बाला नवा अंगरखा घालायचा असतो. तांबडा रंग चांगला चढलाय.

अक्षर वाईट आहे. तू कोळशानं दगडावर शिकवलंस तेवढंच येतं मला.

चुम्पी

लिमा, २० जून १५७१

अक्कास,

तोमासचा नमस्कार. तुझं पत्र घेऊन मी घोड्यांच्या पागेत गेलो आणि तिथे वाचलं. बा गेला हे तीनदा वाचलं, तेव्हा कुठे डोक्यात शिरलं.

अक्का, तू केलंस ते फार धोक्याचं आहे. देवळाच्या जमिनीतून प्रेत काढणं हा इथे मोठा गुन्हा मानतात. कृपा करून बाला परत फरशीखाली ठेव. वामानला सांग, तो मदत करेल. आणि असलं काही पत्रात लिहू नकोस. इथे दारावर पत्रं उघडतात. हे कसं सुटलं मला कळत नाही. बहुतेक तुझं अक्षर लागलं नाही त्यांना.

माझं बरं चाललंय. झाडलोट सुटली. आता मोठ्या देवळातली चांदीची भांडी घासायचं काम माझ्याकडे आहे. तुला बरं वाटावं म्हणून एक सांगतो. इथेही मेलेल्यांना टाकून देत नाहीत. मी घासतो त्यात एक चांदीची पेटी आहे, काच लावलेली. तिच्यात एका फार थोर माणसाच्या हाताचं हाड आहे. समुद्रापलीकडून आणलंय. लोक रांगा लावून काचेचा मुका घेतात. पेटी पुसताना मला बाचे हात आठवले.

सिसाला आशीर्वाद.

तुझा धाकटा, तोमास

पुक्यूपाम्पा, १५७१. संत हुआनचा सण होऊन आठ दिवस झाले.

तोमास,

परत ठेव म्हणतोस. बा म्हणजे काय रांजण आहे, इथून काढला तिथं ठेवला? तिथं आता ओंडका आहे. ओंडक्याला तिथं बरं वाटतंय, बाला इथं. मी कुणाला हलवणार नाही.

त्या हाडाचं नीट सांग. अर्धवट सांगायची तुझी खोड लहानपणापासूनची. हात तुमच्याकडे आहे, तर बाकीचा माणूस कुठं आहे? त्याला कपडे कोण बदलतं? त्याच्याकडे काही मागतात का, पाऊस, पोरबाळ? त्याची माणसं कुठं आहेत, का परक्यांच्याच हाती पडलाय? आणि त्याला जाळला का नाही? आमच्या पाद्रीबाबानं गेल्या साली झऱ्यावरचा दगडसुद्धा जाळला. दगड. तो काही जळला नाही, काळा पडला.

सिसाला तुझं पत्र वाचून दाखवलं तर ती म्हणते, आई, म्हणजे तेही ठेवतात की. मी म्हटलं, बाला हे माहीत असणार. म्हणूनच त्यानं पाणी घेतलं.

तुझ्याही कानीकपाळी ओरडला असेल तो, पण तू पळत होतास नेहमी. बा तरणा होता तेव्हा दाढीवाल्यांनी राजाला धरला. राजा सोडवायचा म्हणून खोलीभर सोनं गोळा करायचा हुकूम आला. बा आणि इथली बावीस माणसं आपल्या जुन्या देवळातलं सोनं पाठीवर लादून काहामार्काला गेली. सोनं कसं दिसत होतं ते बाला आठवायचं नाही. जड होतं एवढंच म्हणायचा. सोनं दिलं, तरी राजाला मारायचं ठरलं. म्हणाले, जाळू. तेव्हा राजानं त्यांच्या पाद्र्याकडून डोक्यावर पाणी घेतलं, त्यांचं नाव घेतलं. मग त्यांनी जाळला नाही, गळा आवळून मारला. बा सांगायचा, राजा भ्यायला नव्हता. जळलेला माणूस उरत नाही, म्हणून पाणी घेतलं त्यानं.

आपल्या गावात पाद्री आला तेव्हा सगळ्यात आधी डोकं पुढं केलं ते बानं. अलोन्सो नाव घेतलं आणि घरी येऊन आईला म्हणाला, झालं काम, पाणी घेतलेल्याला ते जाळत नाहीत.

विचारलेल्या प्रत्येक गोष्टीचं उत्तर दे.

चुम्पी

लिमा, २६ जुलै १५७१

अक्कास नमस्कार.

विचारलंस म्हणून लिहितो. बाकीचा माणूस वेगवेगळ्या देवळांत आहे, म्हणजे पाय कुठे, डोकं कुठे. हसू नकोस. हात तांबड्या रेशमात गुंडाळलेला आहे. वर्षातून एकदा ते रेशीम बदलतात. दोन म्हाताऱ्या जोगिणी आहेत, त्याच शिवतात, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत. पेटीपुढे दिवा दिवसभर जळतो. सणाला पेटी खांद्यावर घेऊन गावभर फिरवतात, वाजंत्री असते. मागच्या साली डोंगरात पाऊस लांबला आणि इथली नदी आटली तेव्हाही बाहेर काढली होती. ताप आला की लोक येतात, बायका मूल मागतात. तेव्हा तू म्हणतेस ते सगळं आहे, फक्त जेवण देत नाहीत. त्याला जाळला नाही, कारण तो देवाच्या जवळचा माणूस होता.

आता महत्त्वाचं. इथून एक तपासनीस पाद्री निघालाय. बरोबर दोन कारकून, एक दुभाषी आणि कुत्री आहेत. तो तुमच्या खोऱ्याकडे येतो आहे आणि गुहा बघणार आहे. सापडलेल्यांचं ते काय करतात ते मला ठाऊक नाही. तू बाला लगेच देवळात फरशीखाली ठेव. मी पाया पडून सांगतो. गावातला पाद्री काही बोलणार नाही, त्याला काही माहीतच नाही.

पत्र चुलीत घाल.

तोमास

पुक्यूपाम्पा, १५७१. मारियामाईच्या सणाच्या आधी चार दिवस.

तोमास,

वामान उद्या खाली उतरतोय म्हणून घाईत लिहिते.

तपासनीस पलीकडच्या खोऱ्यात पोचला. लोक आपापली मेलेली माणसं पाठीवर घेऊन आणखी वर, बर्फाकडे पळतायत. काय उपयोग? कुत्री आहेत ना. लपवलेला सापडला तर चोराचा माल ठरतो. दारातून आत आला तर पाहुणा. एवढं तरी कळतं मला.

तुझं पत्र दोनदा वाचलं. तुझ्या भीतीचं सोडून दिलं, तू भित्राच आहेस. पण बाकीचं खोटं नाही लिहिणार तू. रेशीम बदलतात, मिरवतात, पाऊस मागतात. म्हणजे काय करायचं ते त्यांना माहीत आहे. फक्त आमची माणसं त्यांच्या ओळखीची नाहीत, म्हणून ती त्यांना भुतं वाटतात. ओळख करून द्यायला नको का कुणी? बाची ओळख सोपी आहे. त्यानं पाणी घेतलंय, त्यांच्या वहीत त्याचं नाव आहे.

मी त्याला स्वतः खाली नेणार. अंगरखा झाला. तांबडा, निळी किनार, काठाला पिवळी पिसं. असा अंगरखा मी माझ्या लग्नालाही विणला नव्हता. मागणार एवढंच, की त्याला देवळात भिंतीशी बसू द्या. फरशीच्या खाली नको, वर. मी रोज येऊन झाडलोट करीन, त्यांच्या प्रार्थनेलाही बसेन.

तुमच्याकडे नुसता हात आहे. आम्ही अख्खा माणूस देतोय.

चुम्पी

लिमा, २७ ऑगस्ट १५७१

अक्का,

नेऊ नकोस. काहीही कर, बाला त्यांच्यासमोर नेऊ नकोस. अंगरखा काढून ठेव. हे पत्र मी घोडेस्वाराबरोबर धाडतोय, माझी नवी घोंगडी त्याला दिली. नेऊ नकोस.

तोमास

पुक्यूपाम्पा, १५७१. पेरणीचे दिवस.

तोमास,

तुझा घोडेस्वार आला. सतरा दिवस उशिरा आला. घोंगडी चांगली होती का?

झालं ते लिहिते. एकदाच लिहीन.

चौकात त्यांनी चौदा माणसं आणून ठेवली होती, कुत्र्यांनी शोधलेली. कुणाचा आजा, कुणाची पणजी. पंधरावा बा. त्याला मी माझ्या पाठीवर आणला. बाकीचे ओढत आणलेले, धुळीचे. बा नव्या अंगरख्यात. सिसा मागून मक्याच्या दारूचा रांजण घेऊन. रस्ता आपोआप झाला. तपासनीस खुर्चीवरून उठला. मला वाटलं मान देतोय.

दुभाष्यानं विचारलं, हा कोण? मी म्हटलं, माझा बाप, अलोन्सो, पाणी घेतलेला, वहीत बघा. गावच्या पाद्रीबाबानं वही आणली. वहीत होतं, अलोन्सो, मे महिन्यात मेला, देवळात फरशीखाली पुरला. मग त्यांनी दगड उचलले. खाली ओंडका.

वामानचं नाव मी घेतलं नाही. मी एकटीनंच काढला म्हणाले. त्यांना ते खरं वाटलं. माझे खांदे बघितलेस ना तू.

तपासनिसानं विचारलं, मग आता आपल्या पायांनी का आणलास? मी तुमच्या हाडाचं सांगितलं. तांबडं रेशीम, दिवा, मिरवणूक, पाऊस, सगळं. दुभाषी मध्येच थांबला, म्हणाला, बाई, हे मी सांगणार नाही. मी म्हटलं, सांग. त्यानं सांगितलं. तपासनीस पुन्हा खुर्चीत बसला. मग म्हणाला, तो संत होता.

मी म्हटलं, आमचाही चांगलाच माणूस होता.

दुभाष्यानं ते सांगितलं की नाही मला माहीत नाही. कुणी हसलं नाही.

हे कुणी सांगितलं म्हणून विचारलं. मी म्हटलं, कुणी तरी वाटसरू बोलला. तुझं नाव काही निघालं नाही, तेव्हा तुझी भांडी घास तू.

मग दुभाषी मला बाजूला घेऊन बोलला. माणूस वाईट नव्हता. म्हणाला, तू त्याला नुसता चिंधीत बांधून आणला असतास आणि रडली असतीस, तर पाद्र्यानं त्याला परत पुरला असता, पाणी घेतलेला म्हणून. पण तू नवे कपडे घातलेस, दारू आणलीस, भिंतीशी बसवा म्हणालीस. आता तो मेलेला माणूस नाही राहिला. मूर्ती झाला. मूर्तीला पाणी लागू होत नाही.

पिसांचा अंगरखा, तोमास. तीन महिने विणला.

चौदा खाली, त्यांच्यावर बा. आधी अंगरखा पेटला, पिसांचा वास आला. रांजण फोडला. लोक रडत होते, मोठमोठ्यानं. मी बघत होते. आग विझल्यावर सगळी राख टोपल्यांत भरून नदीत टाकायला लावली, म्हणजे कुणी मूठभर घरी नेऊ नये. टोपली धरायला मीही होते. हुकूमच होता, ज्याचा माणूस त्यानं टोपली धरायची.

माझे केस कापले. वीस फटके. मग लामावर बसवून गावभर फिरवायचं ठरलं. लामा माणूस वाहत नाही हे त्यांना माहीत नव्हतं. तो खाली बसला. ओढला, मारला, थुंकला तो एकाच्या तोंडावर, पण उठेना. तेव्हा लोक हसले. मी पण हसले बहुतेक. शेवटी चालत फिरवलं.

घरी आले तेव्हा भूक लागली होती. जेवले. सिसा बघत होती माझ्याकडे. तिला वाटतं धक्का बसलाय. तसं काही नाही. पाठ दुखते, बाकी ठीक.

चुम्पी

लिमा, १९ ऑक्टोबर १५७१

अक्कास,

मला माहीत होतं.

मी तुला लिहिलं की सापडलेल्यांचं काय करतात ते ठाऊक नाही. मला ठाऊक होतं. मागच्या वर्षी इथे मागच्या अंगणात तीन जाळले. कुठल्या डोंगरातून आणले होते देव जाणे. अंगण मीच झाडलं. पत्र दारावर कुणी वाचलं तर माझं काम जाईल म्हणून लिहिलं नाही. एवढंच. मोठं कारण नाही. त्याऐवजी मी पेटीचं लिहीत बसलो, कारण ते लिहायला बरं वाटत होतं. अक्का, मी त्या रेशमाला कधी हात लावलेला नाही. काच पुसतो फक्त.

तू म्हणशील तर मी ती पेटी उघडीन. किल्ली कुठे असते ते मला माहीत आहे. बोटाचं एक पेर घेतलं तर कुणाला कळणार नाही. मी ते घेऊन गावी येतो. आपण ते गुहेत ठेवू. बाच्या जागी कुणी तरी असेल. तू अंगरखा वीण, लहानसा.

सांगशील ते करतो. पण उत्तर दे.

तोमास

पुक्यूपाम्पा, १५७१. मका हातभर वाढलाय.

तोमास,

पत्र मिळालं. वाचलं.

पेर नको. तुला पकडतील, आणि तुझं कुणी काही वहीत लिहूनही ठेवणार नाही. शिवाय तो माणूस आमचा कोण लागतो? आधीच त्याचे तुकडे गावोगावी आहेत, त्यात आणखी एक कशाला.

तुला माहीत होतं, मला नव्हतं. आता दोघांनाही माहीत आहे. मी रागावलेली नाही. राग कसा येतो ते आठवून बघितलं, आठवलं, पण आला नाही. तू भित्रा आहेस हे मी आधीपासून धरूनच चालायला हवं होतं. ती चूक माझी.

इथं पाऊस वेळेवर झाला. कुणी मागितला नव्हता. मका बरा आहे. पाठीच्या खपल्या पडल्या. डोकं हलकं वाटतं, केस येतील. दर रविवारी देवळात जाते, जावंच लागतं, दारावर नाव पुकारतात. फरशीवरून चालताना आता मी पाय चुकवत नाही. खाली ओंडकाही नाही, तोही जाळला.

काल सिसा आणि मी वाळवलेले बटाटे भरत होतो. ती पोत्यात बटाटे दाबून बसवत होती. मग खाली मान घालूनच म्हणाली, आई, तू गेलीस की तुला कुठं ठेवू?

मी म्हटलं, ठेव कुठंही. मेल्यावर काय कळतं.

बोलून गेले आणि मग माझ्या ध्यानात आलं. आमच्या घरात हे आजवर कुणी म्हटलेलं नव्हतं. बानं नाही, आईनं नाही, तिच्या आईनं नाही. सिसानं वर बघितलं. मला वाटलं ती भांडेल. ती म्हणाली, बरं.

आणि आम्ही पोतं शिवायला घेतलं.

चुम्पी